तीनदा मागितलेली चटणी

५ जानेवारी १९९७

आज कळस गावात विचारलेल्या एकूण एक माणसानं तोंड वाकडं केलं.

माझ्या पाहणीचे प्रश्न साधे आहेत. जगात माणसं किडे खातात हे माहीत आहे का? कुठली माणसं? का खात असतील? तुम्ही खाल का? पहिल्याला सगळे 'हो'. दुसऱ्याला बहुतेकांचं उत्तर 'चीन'. एकजण म्हणाला 'मद्रासकडं'. का, तर 'तिकडं लांब हाय म्हणून'. तिसऱ्याचं उत्तर एकच — 'दुसरं काय मिळत नसंल.' मेक्सिकोत मुंग्यांची अंडी महागड्या हॉटेलात मिळतात, थायलंडमध्ये तळलेले नाकतोडे लोक शेंगदाण्यासारखे चघळतात, हे सांगितलं. ऐकून घेतलं. आपल्याच गडचिरोलीत लाल मुंग्यांची चटणी करतात म्हणालो, तेव्हा मात्र कुणाचा विश्वास बसेना. 'सर, कुणीतरी थापा मारल्या तुमाला.'

एक पोरगेला माणूस म्हणाला, "किडा म्हंजी धान्यातला का? मग आमी रोजच खातो की, रेशनच्या गव्हात." सगळे हसले. मीही.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला — मध खाता का? सगळे हो. मग तो कुणी केला? कीटकानंच ना? यावर गावातले रामहरी तात्या शांतपणे म्हणाले, "सर, दूध म्हशीचं पितो, म्हणून म्हैस खावी का?" मी तो पत्ता परत खिशात घातला.

घरी येऊन एक फॉर्म स्वतःसाठी भरायला घेतला. विचारणाऱ्यानं आधी आपलं उत्तर लिहावं. वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतो, पुस्तकातली नावं पाठ आहेत. चौथ्या प्रश्नापाशी अडलो. शेवटी लिहिलं, 'माहीत नाही.' हे उत्तर माझ्या प्रश्नावलीत ठेवलेलंच नाही!

८ जानेवारी

कॉलेजात स्टाफरूममध्ये सगळे मला आता 'काय सर, आज डब्यात काय?' म्हणतात. घरी करुणा म्हणते तुम्ही हसता म्हणून ते विचारतात.

१२ जानेवारी

भिगवणला गेलो. काम दोन्ही होतं — फॉर्म आणि सोयरीक.

साहेबरावांनीच माणसं जमवून दिली. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, शब्दाला वजन आहे. त्यांचा सुयश बारामतीत एमआयडीसीत आहे. आमच्या प्रियाला त्यानं आणि तिनं त्याला डिसेंबरात बघितलं, दोघांची पसंती आहे. बोलणी तेवढी राहिलीत.

साहेबराव म्हणाले, "पहिला फॉर्म माझा." चौथ्या प्रश्नाला पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं — 'नाही. जीव गेला तरी नाही.' खाली सही.

मग म्हणाले, "सर, छप्पन साली माझ्या बापानं सगळं सोडलं. गावकीची कामं सोडली, मेलेलं जनावर ओढायचं सोडलं, खायचं सोडलं. त्याच्यावरून गावानं वाळीत टाकलं तरी परत हात लावला नाही. माझ्या ताटात काय आहे याच्यावर कुणी बोट ठेवू नये, असा जगलो मी. आणि आता विज्ञान सांगणार, किडे खा. आधी गाव मागं लागलं होतं, आता विज्ञान लागलं म्हणायचं."

हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. माझ्या वडिलांनीही तेच सोडलं, त्याच वर्षी. फॉर्म सगळ्यांना सारखाच दिला मी, पण प्रश्न सगळ्यांना सारखा लागत नाही. हे मला आधी का सुचलं नाही?

आतून ठमाबाई — सुयशची आई — म्हणाल्या, "खाऊन बघितल्याबिगर न्हाय कसं म्हंता हो? लग्नात वांगं बी न्हायच म्हणत हुता."

"वांगं आणि किडा सारखा का?"

"तवा तसंच तोंड केलं हुतं."

बाई मोकळ्या आहेत. प्रियाचं तिथं बरं चालेल असं वाटलं. येत्या रविवारी बोलणीला आमच्याकडे जेवायला येणार.

१७ जानेवारी

सुप्याला महिपतीकडे. तुती लावून रेशमाच्या अळ्या वाढवणारा शेतकरी. त्याच्या भावानं शेजारीच धागा काढायचा लहानसा चरखा बसवलाय. कोष उकळत्या पाण्यात टाकतात, धागा सुटतो, आतला किडा उरतो. तो कोंबड्यांना घालतात. आसामात हाच किडा माणसं आवडीनं खातात असं मी सांगितलं तर महिपती म्हणाला, "खात असतील. मला न्हाय जमणार सर. दिवसातनं चारदा पाला घालतो मी तिला. पोरागत. तिला कशी खाणार?"

किळस नाही, माया! हे कारण माझ्या यादीत नाही. मागच्या बाजूला लिहून घेतलं.

वाळवलेले किडे त्यानं पिशवीभर दिले. कॉलेजात त्यातली प्रथिनं मोजायची. करुणा शाळेत शिकवायला गेली होती तेवढ्यात जुन्या तव्यावर भाजून घेतले, खलात कुटले, डालड्याच्या रिकाम्या डब्यात भरले. वर चिठ्ठी चिकटवली — 'रेशीम किडे, भाजून कुटलेले. प्रयोगशाळेसाठी.' वास थेट सुकटीसारखा. करुणा आल्या आल्या म्हणाली, "आईंनी सुकट भाजली का?" मी विषय बदलला. सोमवारी कॉलेजात नेऊन ठेवतो. तोवर स्वयंपाकघराच्या फळीवर, अगदी मागं.

१९ जानेवारी, दुपार

पाहुणे आत्ताच गेले. सगळं छान झालं. देणंघेणं काही नाही, लग्न बुद्धवंदना घेऊन साध्या पद्धतीनं, साखरपुडा सोळा फेब्रुवारीला. साहेबरावांनी एका शब्दात होकार दिला. माझा जीव भांड्यात पडला.

जेवणंही चांगली झाली. मटण करुणानं केलं. आईनं आपली सुकटीची चटणी केली, नेहमीसारखी झणझणीत. मी म्हणत होतो पाहुण्यांना सुकट कशाला — पण साहेबरावांनी तीच तीनदा मागून घेतली. 'अक्काबाई, अशी चटणी माझ्या आईनंतर आज खाल्ली.' आई लाजली. पाहुणे निघाल्यावर प्रियाही पुण्याची गाडी पकडायला गेली, तिचं कॉलेज आहे उद्या.

१९ जानेवारी, दिवे लागल्यावर

मोरीत डालड्याचा डबा पालथा. घासलेला. चिठ्ठी अर्धी भिजून निघालेली, 'रेशीम कि' एवढंच उरलंय.

आईला विचारलं, "ह्या डब्यात होतं त्याचं काय केलंस?"

"काय करणार? चटणी केली की."

"सगळी?"

"सगळी. मूठभर ऱ्हायली हुती ती ठमाबाईला बांधून दिली. आवडली तिला."

"आई, ती सुकट नव्हती. माझ्या कॉलेजचे किडे होते."

आईनं मान हलवली. "सुकटच हुती ती."

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. चिठ्ठी वाचता येत नाही. वास तोच, रंग तोच. मी तिला समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, "असंल बाबा. तू शिकलेला."

आता आठवतं, चटणी जिभेवर जरा तुपकट राहिली होती. शेंगदाण्यासारखी गोडसर. सुकट अशी लागत नाही.

म्हणजे 'जीव गेला तरी नाही' असं सही करून लिहून देणाऱ्या माणसाला मी, आठवड्याच्या आत, माझ्या घरी बोलावून, तीच गोष्ट तीनदा वाढली. तो काय म्हणेल? 'सर, माझ्यावर प्रयोग केला तुम्ही.' आणि मी काय उत्तर देणार? मी मुद्दाम केलं नाही हे मला माहीत आहे. त्याला कसं माहीत असणार?

आणि त्याआधी दुसरं. त्या किड्यांवर औषध-बिषध असलं तर? सगळे जेवले. आई जेवली. प्रिया जेवली.

२० जानेवारी

कॉलेजात रजा टाकून सकाळीच सुप्याला. महिपती गोठ्यात होता. मी स्कूटरवरून उतरायच्या आत विचारलं, अळ्यांवर कुठलं औषध मारतोस?

तो हसायलाच लागला. "सर, अळी म्हंजी किडाच की. औषध मारलं तर तीच मरंल. पाल्यावर थेंब पडू देत न्हाय मी. शेजाऱ्यानं उसाला फवारणी काढली तरी भांडाय जातो." मग कोंबड्या दाखवल्या. "ह्या रोज खात्यात. अंडी बघा."

अंडी बघितली. इतकं बरं वाटलं की चार अंडी विकत मागितली. त्यानं पैसे घेतले नाहीत.

हे मला, प्राणिशास्त्राच्या माणसाला, रात्रभर सुचू नये? कीटकनाशकानं कीटक मरतो — पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. भीती वाटली की शिकलेलं आधी पळतं.

परत येताना मन हलकं. मग पाटसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो आणि दुसरी गोष्ट परत वर आली. विष नाही हे ठरलं. फसवणूक आहे की नाही हे ठरलं नाही.

२१ जानेवारी

सुयशच्या कंपनीत फोन केला. घरचे सगळे ठीक. 'आई म्हणत होती चटणी संपली.'

२३ जानेवारी

करुणाला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, तिनंही खाल्ली होती.

तिनं आधी मळमळतंय म्हणून पाणी प्यायलं. मग खल, बत्ता, तवा, फळी — सगळं राखेनं घासायला काढलं. घासता घासता बोलत होती. "चार दिवस पोटात काही झालं नाही, आणि आता कळल्यावर होतंय. हेच ना तुमचं संशोधन? लिहा."

खरं सांगायचं तर मी तेच लिहिणार होतो. लाज वाटली.

मग ती म्हणाली, "भिगवणला सांगायचं नाही."

"त्यांनी सही करून दिलंय गं, नाही म्हणून."

"म्हणूनच सांगायचं नाही. त्यांनी खाल्लं, पचलं, गेलं. आता सांगून तुम्ही फक्त तुमचं मन हलकं करणार. त्याचं वजन प्रियावर टाकणार. सोयरीक मोडली तर लोक विचारतील, का मोडली? काय सांगणार? किडे खाऊ घातले म्हणून? आपल्या माणसांच्यात? गावाला आयतं बोलायला देणार तुम्ही."

प्रियालाही कळवायचं नाही, तिची परीक्षा आहे, असं बजावलं.

ती चुकीचं बोलत नाही. सांगावंसं वाटतं ते साहेबरावांसाठी, की माझ्यासाठी? नीट बघितलं तर दोन्ही. किती कशासाठी ते वेगळं काढता येत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. प्राचार्यांचं भाषण. मी मनातल्या मनात साहेबरावांशी बोलत उभा. राष्ट्रगीत कधी संपलं कळलं नाही.

संध्याकाळी वंदना म्हणताना पहिल्याच शीलापाशी थांबलो. जीवहिंसेपासून दूर राहीन म्हणतो आणि रविवारी मटण आणतो. त्यावर कधी अडखळलो नाही. किड्यावर अडखळतो. मग हा धम्माचा प्रश्न नाही. चौथं शील आहे ते — खोटं बोलणार नाही. आणि गप्प बसणं हे खोटं बोलणं आहे का, हे तिथं लिहिलेलं नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बापानं गावाला तोंडावर सांगितलं हुतं, आजपासनं न्हाय. मागनं न्हाय सांगितलं."

२९ जानेवारी

ठरलं. रविवारी भिगवणला जाणार. करुणाला सांगितलं. बोलत नाही.

३० जानेवारी

अजून बोलत नाही. पण स्कूटरची किल्ली तिनंच खुंटीवर समोर लावून ठेवलीये.

२ फेब्रुवारी

सकाळी निघालो तेव्हा करुणा दारात आली. "सांगणारच असाल तर माझं नाव पण घ्या. मीच वाढली म्हणावं, तिन्ही वेळा." मग आत गेली.

भिगवणला पोचलो. साहेबराव अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. जय भीम झालं. ठमाबाईंनी चहा दिला, मग पोहे दिले, मग मासे आणायला माणूस पाठवला. मी सांगायला तोंड उघडलं की काहीतरी समोर येत होतं. साहेबराव साखरपुड्याच्या मांडवाचं बोलत होते. धरणाच्या पाण्यावर यंदा पक्षी फार आलेत म्हणाले. मी 'हो हो' करत होतो.

शेवटी मी म्हणालो, "साहेबराव, मला एक सांगायचंय. ऐकून तुम्ही सोयरीक मोडलीत तरी माझी तक्रार नाही."

पेपर खाली ठेवला त्यांनी. ठमाबाई दारात उभ्या राहिल्या.

सगळं सांगितलं. महिपती, डालड्याचा डबा, चिठ्ठी, आईचा मोतीबिंदू. हेही सांगितलं की डबा घरात ठेवायचीच चूक माझी, आईची नाही. करुणानं वाढली तेही सांगितलं. आणि तुमचा फॉर्म माझ्याकडे आहे, हे मला माहीत असताना दोन आठवडे गप्प बसलो, हेही.

साहेबराव उठले. अंगणाच्या टोकाला गेले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पाठ दिसत होती. मी ठमाबाईंकडे बघितलं, त्यांनी हातानंच 'थांबा' केलं.

परत येऊन बसले. आवाज चढलेला नव्हता. चौकशी अधिकारी विचारतो तसं विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही खाल्ली होती?"

"हो."

"अक्काबाईंनी?"

"हो."

"करुणाताईंनी? पोरीनं?"

"सगळ्यांनी."

"त्याच भांड्यातली?"

"त्याच."

"आमच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली नव्हती?"

"नाही हो. एकच भांडं होतं."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मग झालं तर. सर, मला आयुष्यात कुणी कमी चांगलं वाढलं म्हणून राग आला नाही. वेगळं वाढलं म्हणून आला. शाळेत वेगळं, लग्नात वेगळं, रेल्वेत लागलो तरी सुरुवातीला कपबशी वेगळी. तुमच्याकडं तुम्ही खाल्लं तेच आम्हाला वाढलं. चुकून का असेना. प्रयोग करणारा माणूस आपल्या पोरीला, आपल्या आईला त्यात बसवत नाही."

मी म्हणालो, "फॉर्मवर तुम्ही—"

"त्या फॉर्मचं काय ते नंतर बघू. आधी मला सांगा, ती रेशमाची होती म्हणता? मला तेव्हाच शंका आली होती. गोडसर लागत होती जरा."

ठमाबाई म्हणाल्या, "मला तर वासच निराळा आला हुता."

"मग बोलली का नाहीस?"

"पाव्हण्याच्या घरी काय बोलायचं? आणि तुमी आपलं 'अजून वाढा, अजून वाढा'. दुसऱ्या दिवशी माझं पोट डब्ब झालं ते ह्याच्यानंच."

"तुझं पोट मटणानं झालं. मला तर उलट हलकं वाटत होतं. गुडघा पण दुखला नाही दोन दिवस."

"गुडघ्याला कशाला लावताय, किडा पोटात गेला हुता का गुडघ्यात?"

आणि बाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून. "जीव गेला तरी न्हाय म्हणं! तीनदा मागून घेतली!" साहेबरावांनी तोंड घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग मीही. अंगणात आम्ही तिघं हसत बसलो तोवर मासेवाला आला.

जेवून निघालो. निघताना साहेबराव म्हणाले, "साखरपुड्याला अक्काबाईंची तीच चटणी पाहिजे. तीच बरं का, रेशमाची. तुमच्या महिपतीकडून आणा. या वेळी माहीत असून खाणार."

घरी करुणा दारातच. माझं तोंड बघून तिला कळलं. काही न विचारता पाणी आणलं. मग म्हणाली, "माझं नाव घेतलंत का?" घेतलं म्हणालो. "काय म्हणाले?" काही नाही म्हणालो. "मग उगीच घेतलंत," म्हणाली आणि हसली.

गेल्या दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा जेवणाची चव लागली.

५ फेब्रुवारी

सुयश कंपनीतून घरी येऊन गेला. हसत होता. साहेबरावांनी भिगवणमध्ये सगळ्यांना सांगितलंय म्हणे. स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसून — 'रेशमाचा किडा खाल्लाय मी. आसामात राजेलोक खातात.' राजेलोक मी कधी म्हणालो नव्हतो. मासळीबाजारातल्या बायका ठमाबाईंना विचारतात, कसा लागतो? ठमाबाई सांगतात, 'वासाला उग्र, पण चव शेंगदाण्यागत.' दोघांनी चक्क विचारलं, कुठं मिळतो. चाळीस फॉर्म भरून आणि मेक्सिकोची उदाहरणं देऊन मला जे जमलं नाही ते साहेबरावांनी एका चहात केलं.

त्यांचा निरोपही होता. 'फॉर्मवरचं खोडा. लिहा — खाल्लेलं आहे. सही नंतर करतो.'

मी माझाही फॉर्म काढला. 'माहीत नाही' खोडून लिहिलं — 'खाल्लं आहे. चव तुपकट, गोडसर. पुन्हा खायला हरकत नाही.' अनुभवानं दिलेलं उत्तर. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

महिपतीकडे गेलो. वाळवलेले किडे संपलेत, नव्या खेपेची अळी अजून कोषावर आलेली नाही, महिनाभर तरी थांबा म्हणाला. साहेबरावांना काय सांगू? सुकट वाढून रेशीम म्हणून सांगणं तर शक्यच नाही. खरं ते सांगेन. हिरमुसतील.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरवलं. 'मला दिसतंय की,' म्हणाली.

१४ फेब्रुवारी

प्रिया आली. पाहुण्यांसाठी माळ्यावरून सतरंज्या काढताना वरूनच म्हणाली, "पप्पा, हे तुमचे किडे न्या की. महिना झाला इथंच आहेत." हातात लोणच्याची बरणी, गळ्यापर्यंत भरलेली. बोलणीच्या दिवशी सकाळी तिनं चिठ्ठी वाचली, सुयशची आई स्वयंपाकघरात येईल, वाचेल, म्हणून घाबरून सगळं बरणीत ओतलं आणि वर ठेवलं. डबा ओट्यावर तसाच. आजीनं त्यात आपली सुकट कुटून भरली.

आई लसूण सोलत होती. "मी काय सांगत हुते?" म्हणाली. आणि पुढचा गड्डा घेतला.

ही वही मागं चाळून बघितली. एकोणीस जानेवारी, दुपार — 'नेहमीसारखी झणझणीत.' एकोणीस जानेवारी, दिवे लागल्यावर — 'तुपकट, गोडसर.' चटणी तीच, जीभ तीच, अक्षर माझंच.

फॉर्मवरचं 'खाल्लं आहे' खोडलं. परत 'माहीत नाही'.

परवा साखरपुड्यात बरणी काढायची. साहेबरावांना आधी सगळं सांगायचं, मग झाकण काढायचं. चटणी सगळ्यांना एकाच भांड्यातली. पहिला घास माझा.